शाळाच निघाली गुरांमागे



जूनमध्ये आपल्या गावची शाळा कशी गजबजलेली असते! नवी दप्तरं, नवे गणवेश, गुरुजी आणि बाईसुद्धा हुरूपात. मग लावणी येते, सणवार येतात, दिवाळीनंतर कापणी, कुठे ऊसतोड, कुठे वीटभट्टी. वर्ग विरळ होत जातो. निम्म्या वर्गापुढे शिकवताना बाईंचाही जीव रमत नाही. आणि आपण गटाच्या बैठकीत म्हणतो, पोरांना शाळेची गोडीच नाही. असं म्हणून मोकळं न होता दोन बायकांनी काय केलं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम केलेल्या. १९४५ साली त्यांनी बोर्डीला गावातल्या मुलांसाठी बालवाडी सुरू केली. बोर्डी डहाणू तालुक्यातलं समुद्रकाठचं गाव. तेव्हा जिल्हा ठाणे, आता पालघर. वयाची पन्नाशी उलटल्यावर शहर सोडून त्या तिथे गेल्या. त्यांना येऊन मिळाल्या अनुताई वाघ. अनुताई बालविधवा, शिकून पुण्यात शिक्षिका झालेल्या.

बालवाडी निघाली, पण वस्तीवरची गरीब मुलं येईनात. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीवर नेली. कुणाच्या तरी अंगणात मुलं जमवायची, त्यांना स्वच्छ करायचं, गाणी, गोष्टी, खेळ घ्यायचे. अंगणातली म्हणून अंगणवाडी. महागडी साधनं परवडणार कुठून? मग शंखशिंपले, बिया, पानं, खडे हीच साधनं झाली. मुलांच्या ओळखीच्या वस्तू, त्यामुळे हात लावायला भीती नाही.

पुढे १९५७ च्या सुमारास काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आजूबाजूला वारल्यांचे पाडे. घरचं पोर म्हणजे कामाचा हात. मोठं असेल तर गुरांमागे, मुलगी असेल तर धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घरी. आई मजुरीला गेल्यावर बाळाला सांभाळणार कोण, हा प्रश्न आपल्यापैकी कितीजणींच्या घरात होता, किंवा अजूनही आहे!

यावर त्यांनी विकासवाडी काढली. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच ठिकाणी. ताईने बाळाला आणावं, पाळणाघरात ठेवावं आणि आपल्या वर्गात जाऊन बसावं. आम्हाला तर सगळ्या कामात हीच गोष्ट मोठी वाटते. मुलीच्या शिक्षणावर भाषणं पुष्कळ होतात, पण तिच्या कडेवरचं मूल खाली उतरवून घेणारे थोडे.

गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. मुलं गुरं घेऊन कुरणात जायची, तर शिक्षकही तिथेच जायचे. गुरं चरताहेत आणि झाडाखाली शाळा भरली आहे. झाडं, पक्षी, किडे समोरच, धडा शोधायला लांब जायला नको. शेतीची कामं आली म्हणून शाळा तुटली, असं व्हायचं कारण उरलं नाही.

शिक्षकांचं काय? त्यांना पाड्यावर जावं लागे, आईबापांशी बोलावं लागे. मूल आलं नाही तर का आलं नाही, हे हजेरीपटावरून नाही, घरात पाहून कळे. कष्ट दुप्पट होते यात शंका नाही. पण काल न येणारं मूल आज आलं, हे ज्या बाईने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, तिचा हुरूप कशाला मावळेल? अनुताई स्वतःही शिकत राहिल्या, बी.ए. झाल्या. ताराबाई १९७३ मध्ये गेल्या, तरी अनुताईंनी काम सोडलं नाही. १९९२ मध्ये त्या गेल्या.

२ ऑक्टोबर १९७५ ला सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हे नाव देशभर गेलं.

या महिन्याच्या बैठकीत बचतीचा हिशेब झाला की आम्ही एक यादी करणार आहोत: आपल्या वस्तीतली कोणती मुलगी दिवाळीपासून शाळेत गेली नाही आणि तिच्या कडेवर कोण आहे. तुमच्या गटातही करा. यादी झाली की ती घेऊन शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या सभेला जाऊ.