लोणारचा खार : एका स्थानिक रसायनविद्येचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराविषयी विपुल लेखन झाले असले, तरी ते प्रामुख्याने उल्काघाताने निर्माण झालेल्या विवराविषयी आणि दैत्यसूदन मंदिराविषयी आहे. शतकानुशतके या सरोवरातून काढल्या गेलेल्या खाराकडे इतिहासकारांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले. वास्तविक लवणासुराची आख्यायिका आणि गावाचे नाव ही दोन्ही लवणाकडेच बोट दाखवितात.

सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाच्या या विवरात काठावरच्या झऱ्यांचे गोडे पाणी येते. बाहेर पडण्यास मात्र त्याला वाट नाही. बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून आलेले कॅल्शियम कार्बोनेटच्या रूपाने तळाशी बसते, सोडियम पाण्यातच साचत राहते. त्यामुळे पाण्याचा सामू दहाच्या आसपास असतो. उन्हाळ्यात पातळी उतरली की प्रथम सोड्याचे क्षार स्फटिकरूप होतात. साधे मीठ अधिक विद्राव्य असल्याने मागाहून बसते. काठावरील व चिखलातील हा थर खरवडून गोळा केला जाई.

अबुल फजलच्या ‘आईन-इ-अकबरी’त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात लोणार येथे काच व साबण यांना लागणारी द्रव्ये मिळत असल्याची नोंद आहे. सोळाव्या शतकातील ही नोंद महसुलाच्या अंगाने महत्त्वाची आहेच. परंतु त्याहून बोलकी आहे ती खाराच्या प्रकारांची नामावली. दल्ला, निमक दल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की ही नावे ब्रिटिशकालीन नोंदींत आढळतात. ‘दल्ला’ आणि ‘निमक दल्ला’ असा भेद करणाऱ्यांना मीठमिश्रित सोडा आणि निराळा सोडा यांतील फरक ठाऊक होता, असे मानावे लागते. या ज्ञानाला ‘अडाणी अनुभव’ म्हणून बाजूस सारणे योग्य नाही.

उपयोगांमागील रसायनही सूक्ष्म आहे. वाळू वितळण्यास सुमारे 1700 अंश सेल्सिअस तापमान लागते. सोडा मिसळला की ते बरेच खाली येते, म्हणूनच बांगड्यांच्या भट्टीला खार हवा. साबणासाठी सोड्याच्या द्रावणात चुन्याची निवळी घातली की खडूसारखा साका खाली बसतो व वर दाहक सोडा उरतो. तेलाशी संयोग पावून त्याचा साबण होतो. उडदाच्या पिठाला लवचिकपणा आणणारा पापडखारही याच कुळातला.

युरोपात 1791 मध्ये लब्लांकने मिठापासून सोडा करण्याची कृती सिद्ध केली. 1860 नंतर सॉल्वेची स्वस्त पद्धती आली. कारखानी सोड्यापुढे लोणारचा अशुद्ध व हंगामी खार टिकणे अवघड होते. 1939 मध्ये टाटा केमिकल्सची स्थापना झाल्यावर भारतीय सोडाही पुढे मिठापूरहून येऊ लागला. लोणार परिसर 2000 मध्ये अभयारण्य आणि 2020 मध्ये रामसर स्थळ घोषित झाला. आज वाण्याच्या दुकानातील पापडखाराच्या पुडीचा सरोवराशी संबंध उरलेला नाही. ‘खुप्पल’ व ‘भुस्की’ हे शब्द मात्र जुन्या गॅझेटियरांतच शोधावे लागतात.