रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव, पण ‘सीए-१२५’ नॉर्मल: मग कॅन्सर नाही असं समजायचं का?

पाळी जाऊन चार-पाच वर्षं झालेली असतात आणि एक दिवस अचानक अंगावरून लाल जातं. थोडंसंच, एक-दोन दिवस. घरातलं कुणीतरी सुचवतं, ‘कॅन्सरची रक्ततपासणी करून घे.’ लॅबचा रिपोर्ट येतो, सीए-१२५ नॉर्मल. सगळे निर्धास्त होतात. चूक नेमकी इथेच होऊ शकते.

सीए-१२५ म्हणजे काय?

हे एक प्रथिन आहे. गर्भाशयाचं अस्तर, गर्भनलिका, पोटाच्या आतलं आवरण अशा अनेक ठिकाणच्या पेशी ते तयार करतात आणि त्यातलं काही रक्तात उतरतं. साधारणपणे दर मिलिलिटरला ३५ युनिटपर्यंतचं प्रमाण नॉर्मल मानतात. अमेरिकेतले डॉ. रॉबर्ट बास्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरवर काम करताना ते ओळखणारी अँटीबॉडी तयार केली. म्हणूनच ही टेस्ट आजही प्रामुख्याने अंडाशयाच्या कॅन्सरसाठी ओळखली जाते.

गर्भाशयाच्या कॅन्सरमध्ये ती का फसवते?

गर्भाशयाच्या अस्तराचा, म्हणजे एंडोमेट्रियल कॅन्सर अनेकदा गर्भाशयापुरताच असताना सापडतो, कारण रक्तस्राव लवकर सुरू होतो. या टप्प्यावर बहुतेक रुग्णांचं सीए-१२५ नॉर्मलच असतं.

उलट पाळी, गरोदरपण, फायब्रॉइड, एंडोमेट्रिओसिस, पोटाचा टीबी किंवा लिव्हर सिरॉसिस यांत कॅन्सर नसतानाही ते वाढू शकतं. एचई-४ हा दुसरा मार्कर एंडोमेट्रिओसिसमध्ये सहसा वाढत नाही. मात्र वाढतं वय, धूम्रपान आणि किडनीचा आजार यांमुळे तोही वाढतो.

मग निदान कशाने होतं?

आधी योनीमार्गातून सोनोग्राफी करून अस्तराची जाडी मोजतात. रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव झाला असेल आणि जाडी ४ मिलिमीटरपेक्षा जास्त असेल, तर अस्तराचा तुकडा घेऊन बायोप्सी करतात. जाडी कमी असूनही रक्तस्राव पुन्हा पुन्हा होत असेल, तरी बायोप्सी लागते. निदानावर शिक्का बसतो तो बायोप्सीनेच. पॅप स्मिअर ही गर्भाशयमुखासाठीची तपासणी आहे. तिच्यावर इथे विसंबून चालत नाही.

मार्करचा उपयोग केव्हा?

कॅन्सरचं निदान झाल्यानंतर. शस्त्रक्रियेआधी सीए-१२५ खूप वाढलेलं असेल, तर आजार गर्भाशयाबाहेर किंवा लसिका ग्रंथींमध्ये पसरला असण्याची शंका येते. मग एमआरआय, सीटी स्कॅनसोबत हा आकडा पाहून डॉक्टर शस्त्रक्रियेची आखणी करतात. सीरस या आक्रमक प्रकारात तो जास्त कामाचा ठरतो. सुरुवातीला वाढलेला मार्कर उपचारांनंतर खाली आला आणि पुढे पुन्हा चढू लागला, तर आजार परतल्याचा तो इशारा असू शकतो. पण कॅन्सरची स्टेज या आकड्यावरून ठरत नाही.

लक्षात काय ठेवायचं?

रजोनिवृत्तीनंतर रक्तस्राव होणाऱ्या दहा महिलांपैकी साधारण एकीलाच हा कॅन्सर असतो, त्यामुळे घाबरून जायचं कारण नाही. पण रजोनिवृत्तीनंतर हा कॅन्सर झालेल्या दहापैकी जवळपास नऊ महिलांना आधी रक्तस्राव झालेला असतो. म्हणून एक डाग दिसला तरी तो अंगावर काढू नये. रक्ताचा रिपोर्ट नॉर्मल असला, तरी स्त्रीरोगतज्ज्ञांना दोन प्रश्न विचारावेत: अस्तराची जाडी किती आहे? बायोप्सी लागेल का?