उंबरठ्याआतला निरोप्या

मनुष्य भ्याला म्हणजे त्याचे काळीज धडधडू लागते, तळहातांना घाम सुटतो आणि धावण्यासाठी लागणारी साखर यकृतातून रक्तात उतरते. साखर उतरविण्याचा हा हुकूम ॲड्रिनलिन नावाचे एक द्रव्य घेऊन येते. शरीराच्या एका भागाने रक्तात सोडलेले द्रव्य दूरच्या इंद्रियाला कामास लावू शकते, ही गोष्ट १९०२ साली लंडनमध्ये बेलिस व स्टार्लिंग या दोघांनी दाखवून दिली. १९०५ मध्ये स्टार्लिंगने अशा द्रव्यांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत त्यांस संप्रेरके म्हणतात.

निरोप येतो एवढे कळले. परंतु तो पेशीच्या आत कोण नेतो आणि तेथे अंमलात कसा येतो, हे त्यानंतर पन्नास वर्षे कोणालाही सांगता आले नाही. पेशी अखंड असेल तरच संप्रेरकाचा प्रभाव दिसतो, ती फोडली की तो नाहीसा होतो, असा बहुतेक विद्वानांचा समज होता. घड्याळ चालते कसे हे तर पाहायचे, पण ते उघडायचे मात्र नाही, अशी ही अडचण होती.

ही अडचण दूर करणारे अर्ल सदरलँड यांचा जन्म १९१५ साली अमेरिकेच्या कॅन्सस राज्यात बर्लिंगेम या लहानशा गावी झाला. ते शिकले डॉक्टरी, दुसऱ्या महायुद्धात लष्करी डॉक्टर म्हणून राबलेही. परंतु युद्ध संपल्यावर दवाखाना न थाटता ते सेंट लुईस येथे कार्ल कोरी यांच्या प्रयोगशाळेत परतले. यकृतात साठविलेल्या ग्लायकोजेनपासून साखर कशी सुटते, याचा उलगडा करून कोरी दांपत्याने १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळविले होते. ही साखर सोडविणारे विकर म्हणजे फॉस्फोरिलेज. ॲड्रिनलिन येताच निद्रिस्त फॉस्फोरिलेज जागे होते, असे सदरलँड यांना आढळले. मग त्यास जागे करतो कोण?

१९५३ मध्ये सदरलँड क्लीव्हलंडला गेले. तेथे थिओडोर रॉल आदी सहकाऱ्यांसह त्यांनी समजुतीविरुद्ध जाऊन यकृताच्या पेशी वाटून त्यांचा रस केला. त्यात ॲड्रिनलिन घातले आणि फॉस्फोरिलेज जागे झाले! फोडलेले घड्याळही चालत होते. पुढे तो रस यंत्रात वेगाने फिरवून त्यांनी खालचा गाळ व वरचे पाणी वेगळे केले. फॉस्फोरिलेज होते वरच्या पाण्यात. पण नुसत्या पाण्यात ॲड्रिनलिन घातले तर काहीच घडेना. उलट गाळात ॲड्रिनलिन घालून, त्यातून निघालेला अर्क पाण्यात मिसळला की विकर जागे होई. गाळात पेशींच्या आवरणाचे तुकडे होते. म्हणजे संप्रेरक आवरणाशीच थांबते आणि तेथे दुसरेच काही द्रव्य तयार होऊन पुढचे काम करते, हे उघड झाले.

मग तो अर्क उकळला. विकरे ही प्रथिने. उकळताच ती अंड्याच्या पांढऱ्याप्रमाणे गोठून निकामी होतात. या अर्काचा गुण मात्र उकळल्यावरही तसाच राहिला. निरोप्या प्रथिन नव्हता, तो एक चिमुकला रेणू होता. त्याचे रूप कळले तेही मौजेने. सदरलँड यांनी या द्रव्याच्या परीक्षेसाठी बेथेस्डा येथील लिऑन हेपल यांना पत्र लिहून एक विकर मागविले. त्याच सुमारास सेंट लुईसचे रसायनज्ञ डेव्हिड लिपकिन यांनीही आपल्याला सापडलेल्या एका अपरिचित पदार्थाबद्दल हेपल यांनाच लिहिले. दोन्ही पत्रे ताडून पाहताच पदार्थ एकच असावा, हे हेपल यांनी ओळखले. तो पदार्थ म्हणजे चक्रीय ए. एम. पी. त्याचा रेणुभार अवघा ३२९. ज्या विकरास तो जागे करवितो ते त्याच्या शेकडो पट जड.

संप्रेरक पहिला निरोप्या, तर हा दुसरा निरोप्या, असे सदरलँड यांनी म्हटले. अनेकांना ते पटेना. निरनिराळ्या संप्रेरकांची निरनिराळी कामे एकच रेणू कसा करील, हा त्यांचा प्रश्न रास्त होता. उत्तर असे की, दूत तोच असला तरी निरोपाचा अर्थ ज्या त्या पेशीच्या अंगच्या सामग्रीवरून ठरतो. यकृतात त्याचा अर्थ ‘साखर सोडा’, हृदयात ‘ठोके वाढवा’. पुढे १९६५ मध्ये हाच रेणू जंतूंतही सापडला; तेथे तो साखर संपल्याची वर्दी देतो. १९७१ चे नोबेल पारितोषिक एकट्या सदरलँड यांना मिळाले. १९७४ मध्ये ते निवर्तले.

निरोप पोचणे जितके अगत्याचे, तितकेच तो वेळीच मिटणेही अगत्याचे. पेशीत या रेणूस मोडणारे विकर सदैव हजर असते. भीती ओसरली की हुकूमही रद्द व्हावा, अशी ही योजना. ती बिघडली तर काय होते, याचा दाखला पटकीने दिला आहे.

जत्रांतून आणि पंढरीच्या वारीतून या रोगाने पूर्वी किती बळी घेतले, हे जुन्या पिढ्यांना ठाऊक होते. १९५९ साली कलकत्त्याचे डॉ. शंभूनाथ डे यांनी सशाच्या आतड्यावर प्रयोग करून दाखविले की, पटकीचे जंतू गाळून काढलेल्या द्रवानेही आतड्यात पाणी भरते. अपाय जंतूंनी सोडलेल्या विषाने होतो. ते विष करते काय, हे पुढील दशकांत उलगडले. चक्रीय ए. एम. पी. तयार करणाऱ्या विकराची कळ ते दाबूनच ठेवते. मोडणारे विकर या पुरापुढे अपुरे पडते आणि आतड्याच्या पेशी क्षार व पाणी अखंड बाहेर ओतू लागतात. तीव्र रोगात तासाला एक लिटरपर्यंत पाणी शरीरातून निघून जाते.

कळ अडकली तरी दुसरे एक दार उघडे राहते. ग्लुकोजचा हात धरून मीठ आतड्यातून रक्तात शिरते व त्यामागे पाणी जाते. या वाटेस पटकीचे विष धक्का लावीत नाही. १९७१ मध्येच, बांगलादेशच्या युद्धातील निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत, शिरेतून द्यावयाचे पाणी संपत आले तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा व ग्लुकोज यांचे पाणी रोग्यांना पाजले. सुमारे ३० टक्के असलेले मृत्यूंचे प्रमाण ४ टक्क्यांच्या आत आले.

विष कोणत्या कळीवर बोट ठेवते आणि कोणते दार मोकळे सोडते, हे ज्ञान अशा रीतीने निरनिराळ्या देशांतील प्रयोगशाळांनी थोडेथोडे जोडले. यकृताचा रस वाटणाऱ्याच्या मनात पटकी नव्हती आणि सशाच्या आतड्यावर प्रयोग करणाऱ्याच्या मनात ॲड्रिनलिन नव्हते. तरीही दोन्ही वाटा अखेर एकाच चिमुकल्या रेणूपाशी येऊन मिळाल्या. आणि चिमूटभर मीठ व साखर घातलेले पाणी मरणाऱ्या लेकरास का वाचविते, हे जगास कळले.