घटिकापात्र ते ग्रॅनाइट : घड्याळाच्या कवचाविषयी

पुण्याहून मुळशीमार्गे कोकणात उतरताना ताम्हिणीचा घाट लागतो. २०२४च्या जुलैअखेरीस येथे चोवीस तासांत ५५६ मिलिमीटर पावसाची नोंद झाली होती. अशाच एका आषाढात आम्ही तेथे थांबलो असता, हातातल्या वडिलांच्या जुन्या घड्याळाच्या काचेआड धुके दाटलेले दिसले. काटे चालत होते. वेळ मात्र वाचता येईना. घड्याळाचा इतिहास आपण यंत्राचा इतिहास म्हणून वाचतो. तो कवचाचाही इतिहास आहे, हे आम्हांस तेव्हा जाणवले.

वास्तविक आपल्या भाषेने हे केव्हाच नोंदवून ठेवले आहे. घटिका, घटका, घड्याळ या शब्दांच्या मुळाशी घट, म्हणजे भांडे आहे. बुडाशी सूक्ष्म छिद्र असलेली तांब्याची वाटी पाण्यावर सोडायची. ती भरून बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटे झाली. लग्नघटिका अशीच मोजली जाई आणि 'घटका भरली' हा वाक्प्रचारही त्या वाटीतूनच आला. मलायी होड्यांवर याच कामासाठी नारळाची करवंटी वापरीत. वाटी कशाचीही असो, काळ कळायचा तो पाणी आत आल्यामुळे.

मनगटी घड्याळाने हे नाते उलटे केले. आता पाणी, धूळ, घाम बाहेर ठेवणे हेच कवचाचे काम ठरले. या कसोटीत हिंदुस्थानचाही वाटा आहे. १८८६पासून मुंबईत वेस्ट एंड वॉच कंपनीच्या नावाने स्विस घड्याळे विकली जाऊ लागली. पुढे येथील ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटू लागल्या. त्यांच्या तक्रारीतून आपल्या चौकटीत उलटे फिरणारे 'रिव्हर्सो' घडले. त्याचे पेटंट १९३१ सालचे. सोन्याचांदीच्या जोडीला तेव्हा नवे असलेले न गंजणारे पोलादही त्याच्या केससाठी वापरले गेले.

सामान्यांच्या मनगटावर मात्र बहुधा पितळच आले, वर क्रोमचा मुलामा देऊन. ज्यांच्या घरी पितळेच्या पातेल्यांना कल्हई होत असे, त्यांना हे नवे वाटण्याचे कारण नव्हते. कल्हई उडाली की पातेल्यातले ताक कळकते. मुलामा उडाला की घामाने केसच्या कडेला तोच हिरवा कळंक धरतो.

झिजेवर मात करण्याच्या ध्यासातून पुढे विलक्षण पदार्थ आले. १९६२ साली 'राडो'ने 'डायस्टार'साठी टंगस्टन कार्बाइड वापरले. पिंपरी-चिंचवडच्या लेथवर पोलाद कापणारे हत्यार ज्या पदार्थाचे, तोच आता मनगटावर चढला. १९८५ साली 'टिसॉ'ने आल्प्सच्या ग्रॅनाइटमधून केस कोरल्या. दगडाची नक्षी निसर्गाची, म्हणून एक घड्याळ दुसऱ्यासारखे नाही. आत क्वार्ट्झचे यंत्र होते. ते क्वार्ट्झ कारखान्यात वाढवलेले असले, तरी आपल्या गारगोटीच्याच कुळातले; आणि ग्रॅनाइटचाही तो एक घटक. म्हणजे दगडाच्या कवचात दगडच काळ मोजू लागला.

येथे आम्हांला एक विसंगती दिसते. ताम्हिणीचा काळा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे, आणि त्यालाही पाऊस कोरत आला आहे. न झिजणाऱ्या केसची इच्छा म्हणजे ज्याची मोजदाद करायची त्या काळापासूनच सुटण्याची इच्छा होय. घटिकापात्राला ती नव्हती. भरणे आणि बुडणे हेच त्याचे कार्य होते.

वडिलांच्या घड्याळाचा मुलामा एका कडेला उडाला आहे. घड्याळजींनी तो पुन्हा चढवून देऊ केला. आम्ही काचेखालची रबरी कडी तेवढी बदलून घेतली. उघडे पडलेले पितळ तसेच ठेवले. त्यांच्या सदऱ्याची बाही रोज तेथेच घासत असे.