खारेपाटाचा बांध

पुण्यास स्थायिक झालेल्या आपल्या ज्ञातिबांधवांपैकी कित्येकांची नावे पेण, अलिबाग, उरण ह्या तालुक्यांतील सातबाऱ्यावर अद्यापि आहेत. परंतु ती जमीन मूळची समुद्राची, हे सांगितल्यास घरांतील मुलांस नवल वाटते. धरमतरच्या खाडीकाठची ही दलदल दर भरतीस बुडणारी व तिवरांनी व्यापलेली होती. मासळी व चिंबोऱ्या धरणे आणि मीठ पिकविणे हाच तिचा जुना उपयोग. आगरी हे आपले नाव ह्या मिठाच्या आगरावरूनच आले, असे सामान्यतः मानतात.

भातशेतीसाठी बांध घालण्याचे मोठे काम आंगऱ्यांच्या अमलात, सुमारे १७५५ ते १७८० ह्या काळात झाले. बाहेरचा बांध शिलोत्रदाराने राखावयाचा व त्याबद्दल कुळांकडून बिघ्यामागे ठरलेले भात घ्यावयाचे, अशी वहिवाट होती. बांधात उघाडी ठेवीत. ओहोटीस पावसाचे पाणी तिच्यातून बाहेर पडे, आणि भरती आली की तिची झडप पाण्याच्या दाबानेच मिटे. काही पावसाळ्यांनी क्षार धुऊन निघाल्यावर रत्त्यासारखे खाऱ्या जमिनीत टिकणारे भात पेरीत. खांड पडल्यास गावाने मिळून चिखलाची ढेकळे वाहून ती बुजवावयाची, ह्यास जोळ म्हणत. हक्क कागदोपत्री कोणाचाही असो, चिखल वाहिला तो आपल्या पूर्वजांनीच!

म्हणूनच १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली चरी व आसपासच्या गावांतील कुळांनी खोतांची शेते कसण्याचे नाकारले. हा संप १९३९ पर्यंत चालला. त्या काळी लाकूडफाटा व चिंबोऱ्या विकून लोकांनी दिवस काढले. ज्या खाडीस बांधाने हटविले, तिनेच संपकऱ्यांस पोसले.

पुढे १९४८ मध्ये कूळकायदा व खारजमिनींचा कायदा असे दोन्ही झाले. कसणारा मालक झाला, ही न्यायाचीच गोष्ट. परंतु शिलोत्रदार गेला, बांधाची काळजी सरकारकडे आली, आणि जोळ हळूहळू मोडली. तरुण मंडळी मुंबई-पुण्याच्या कारखान्यांत गेली. तिकडे १९७० नंतर नव्या मुंबईसाठी पनवेल-उरणकडील शेते व मिठागरे घेण्यात आली, आणि १९८९ मध्ये न्हावाशेव्याचे बंदर सुरू झाले.

२००५ साली मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांची तोड थांबविली. हे आवश्यकच होते. बांधाबाहेरचे तिवर लाटांचा मारा झेलतात, हे आपले वृद्धही जाणत. मात्र बांध फुटून खारे पाणी आत राहिले, तर शेतातच तिवर उगवते, आणि एकदा ते माजले म्हणजे शेत पुन्हा शेत करणे दुरापास्त होते. सातबाऱ्यावर भात, प्रत्यक्षात रान, अशी अवस्था खारेपाटात ठिकठिकाणी झाली आहे. खांड पहिल्या उधाणांतच बुजवावी लागते; आणि त्या वेळी खातेदारांपैकी निम्मे आम्ही येथे पुण्यास असतो.