जालना
जालना : महाराष्ट्रातील जिल्ह्याचे ठिकाण. लोकसंख्या २,८५,५७७ (२०११). कुंडलिका नदीकाठचे हे शहर जुनी व्यापारपेठ. ‘जालना सोन्याचा पाळणा’ ही म्हण त्या भरभराटीची. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ते लुटले. पुढे निजामी अमलात इंग्रजांची छावणी होती. १ मे १९८१ रोजी स्वतंत्र जिल्हा झाला.

आजचे जालना मुख्यतः लोखंडावर व बियाण्यांवर चालते. भंगार भट्टीत वितळवून त्याचे बिलेट (पोलादी ठोकळे) पाडतात. ते तापवून रोलिंग मिलमधून बांधकामाच्या सळया निघतात. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये ‘महिको’ ही कंपनी स्थापून संकरित बियाणे शेतकऱ्यापर्यंत नेले. त्यांना १९९८ चा जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. मोसंबीची बाजारपेठही मोठी, मात्र पाण्याची ओढ कायमची.