घरातली जुनी बॅटरी चार्जिंगच्या सेलवर कशी चालवायची? कोणता सेल कुठे चालतो, जाणून घ्या

पावसाळ्यात शहापूर, मुरबाडच्या पाड्यांवर तारेवर झाड पडलं की लाईट कधी येईल सांगता येत नाही. भातकापणीत रात्री खळ्यावर राखण असते. अशा वेळी हातात बॅटरी लागतेच. मण्यार हा विषारी साप रात्रीच फिरतो आणि त्याचा दंश अनेकदा दुखतही नाही. म्हणून पाय कुठे पडतोय ते दिसलं पाहिजे. पण नेमके तेव्हाच सेल उतरलेले निघतात. घरातली साधी बॅटरी न फेकता ती चार्जिंगच्या सेलवर चालवता येते. फक्त चुकीचा सेल घातला तर बल्ब उडतो, कधी सेलच पेट घेतो. त्यामुळे आधी हे वाचा.

आधी सेल मोजा

साधा सेल मोठा असो की पेन्सिल, तो १.५ व्होल्टचाच असतो. मोठा सेल फक्त जास्त वेळ चालतो. म्हणजे दोन सेलची बॅटरी ३ व्होल्टची, तीन सेलची ४.५ व्होल्टची. हा आकडा लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

सोपा आणि सुरक्षित मार्ग: निकेलचे पेन्सिल सेल

दुकानात ‘रिचार्जेबल पेन्सिल सेल’ म्हणून मिळतात ते बहुतेक निकेल मेटल हायड्राईडचे असतात. हा सेल १.२ व्होल्टचा असतो. थोडा कमी वाटला तरी तो शेवटपर्यंत जवळपास तेवढाच दाब देतो, साध्या सेलसारखा हळूहळू मंद होत नाही. नीट वापरला तर शेकडो वेळा चार्ज होतो.

तुमची बॅटरी मोठ्या सेलची असेल तर पेन्सिल सेल ज्यात बसतो असं प्लास्टिकचं कव्हर मिळतं. ते घातलं की सेल मोठ्या सेलच्या मापाचा होतो. काही तोडावं-जोडावं लागत नाही.

किती वेळ चालेल? सेलवर २००० एमएएच लिहिलं असेल आणि बल्ब ०.३ अँपिअरचा असेल, तर साधारण साडेसहा तास.

एक अडचण आहे. दोन सेलच्या काही एलईडी बॅटऱ्या २.४ व्होल्टवर मंद पेटतात, कारण पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. म्हणून आधी दोनच सेल आणून बघा, मग जास्तीचे घ्या.

लिथियम सेल: ताकद जास्त, काळजीही जास्त

१८६५० नावाचा सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब असतो. तो एकटाच ३.७ व्होल्टचा, पूर्ण चार्ज झाल्यावर ४.२ व्होल्टचा. म्हणून तो तीन सेलच्या एलईडी बॅटरीला एकच पुरतो. उरलेली जागा भरायला वीज पुढे नेणारा धातूचा तुकडा किंवा नकली सेल लागतो. दोन सेलच्या जुन्या बल्बच्या बॅटरीत घातला तर बल्ब लगेच उडेल.

पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० हा लिथियम सेलही मिळतो. तोही ३.७ व्होल्टचा. दोन पेन्सिल सेलच्या बॅटरीत असे दोन घातले की ७.४ व्होल्ट होतात आणि एलईडी जळते. माप बसतं म्हणून घालू नका, सेलवरचे व्होल्ट वाचा.

स्वस्त बॅटऱ्यांमध्ये करंट रोखणारा भाग नसतो. लिथियम घातल्यावर पाच मिनिटांत पुढचा भाग हात लावता येणार नाही इतका तापला तर बंद करा आणि रिपेअरवाल्याकडून रेझिस्टर टाकून घ्या.

मोबाईलच्या चार्जरने चार्ज करायचं असेल तर टीपी ४०५६ नावाची छोटी प्लेट बसवतात. ती ४.२ व्होल्टला चार्जिंग थांबवते. ‘प्रोटेक्शन’वालीच घ्या, म्हणजे सेल गरजेपेक्षा जास्त उतरणार नाही. डाग लावायची सवय नसेल तर हे काम जाणकाराकडूनच करून घ्या.

हे करू नका

- साधे सेल चार्जरला लावू नका. ते गळतात, फुटू शकतात.
- निकेलचा सेल लिथियमच्या चार्जरला किंवा उलट लावू नका.
- जुना-नवा, साधा-चार्जिंगचा असे सेल एकत्र घालू नका.
- फुगलेला, चेपलेला लिथियम सेल वापरू नका. लिथियम सेल अंथरुणावर किंवा झोपताना चार्जिंगला ठेवू नका.
- १८६५० वर ९९०० एमएएच लिहिलेलं दिसलं तर ते खोटं समजा. चांगला सेलसुद्धा साधारण ३५०० च्या आसपासच असतो.

चार्जिंगचा हिशोब

निकेलच्या सेलसाठी आपोआप बंद होणारा चार्जर सर्वात बरा. साधा चार्जर २०० मिलिअँपिअरचा असेल तर २००० चा सेल भरायला सुमारे १४ तास लागतात. साधे निकेल सेल ठेवल्या ठेवल्याही उतरतात. म्हणून पावसाळ्यात महिन्यातून एकदा चार्ज करा, किंवा ‘लो सेल्फ डिस्चार्ज’ लिहिलेले घ्या.

खराब सेल चुलीत, शेतात किंवा विहिरीत टाकू नका. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुने सेल गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. डब्यात वेगळे साठवा आणि तालुक्याला गेलात की ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आणि बॅटरी असूनही साप चावलाच, तर मांत्रिकाकडे वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा आणि थेट सरकारी रुग्णालय गाठा.